यंदा ऊन फार?

मंडळी, “यंदा ऊन फार” असे आपण म्हणतो. पण फार म्हणजे किती?

वेधशाळेत पांढऱ्या लाकडी पेटीत, सावलीत तापमापक ठेवतात. दिवसाचे सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी तापमान लिहून घेतात. समजा, ४० व २४ अंश. बेरीज ६४, निम्मे ३२. ही त्या दिवसाची सरासरी.

मार्च ते मे, ९२ दिवसांच्या सरासऱ्या मिळवा, ९२ ने भागा. झाली उन्हाळ्याची सरासरी! ठिकठिकाणचे आकडे एकत्र केले, की प्रदेशाची सरासरी निघते. ती १९९१ ते २०२० या ३० वर्षांच्या सरासरीशी ताडून पाहतात. मग कळते, ऊन खरेच फार की नेहमीचेच.

पण बरं का, सरासरी ३२ असली तरी दुपार ४० चीच! भर उन्हात राबू नका. पाणी प्या, गुरे सावलीत बांधा.