रोज संध्याकाळी मडके वाजवून पाहावे
(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेले भाषण)



वर्धापनदिनी चार चांगले शब्द बोलावेत, मंडळाच्या कामाचा आढावा घ्यावा आणि हळदीकुंकवाला वाट मोकळी करून द्यावी, अशी आपली रीत आहे. आढावा चिटणीसबाईंनी घेतलाच आहे. मला 'व्यसनमुक्ती' हा विषय दिला तेव्हा मी लगेच होकार दिला, कारण दारूवर बोलायची मला सवय आहे. दारूच्या दुकानाविरुद्ध सह्या गोळा करीत आपण उन्हातान्हात हिंडलो, तेव्हा सर्वांत मोठा आवाज माझा होता, हे आपल्याला आठवत असेल. पण घरी जाऊन टिपणे काढायला बसले आणि पहिल्याच ओळीला अडले. त्या सह्या घेत फिरताना माझ्या कमरेच्या पिशवीत मिसरीची डबी होती. आज बोलायचे आहे ते त्या डबीबद्दल.

पुस्तकात तिला मिश्री म्हणतात. तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, कुटून वस्त्रगाळ करायची आणि बोटाने दातांना, हिरड्यांना लावायची. भाजताना घरभर ठसका उठतो, मुले खोकत अंगणात पळतात, आणि तरीही आपण तिला व्यसन म्हणत नाही. 'दात घासते' म्हणतो. मला ती सतराव्या वर्षी दाढ दुखली म्हणून माझ्या सासूबाईंनी दिली. दाढ पुढे काढून टाकली, मिसरी राहिली. सकाळी लावल्याशिवाय पोट साफ होईना, दुपारी लावल्याशिवाय डोके उतरेना, रात्री लावल्याशिवाय झोप येईना. पुरुष गुत्त्यावर जातो म्हणून तो दिसतो. आपला गुत्ता चुलीमागे असतो, एवढाच फरक. तंबाखूतले निकोटीन हिरडीतून थेट रक्तात उतरते. तोंडाचा कर्करोग मिसरीनेही होतो. गरोदर बाईने ती लावली तर पोटातल्या मुलाचे वजन कमी भरण्याचा धोका वाढतो. हे मला ठाऊक नव्हते असे नाही. ऐकलेले होते, स्वतःला लावून घेतलेले नव्हते.

माझा मुलगा दारूत बुडाला होता, हे या गावात कोणाला नव्याने सांगायला नको. एका केंद्रात तो काही आठवडे राहून आला. तिथून येताना त्याने एक शाळेची शंभर पानी वही आणली. रोज रात्री जेवण झाले की दिव्याखाली बसून तो तीत चार ओळी लिही. आज मन कुठे घसरले? आज कोणाशी खोटे बोललो? कोणाचे मन दुखावले आणि ते उद्या कसे सावरायचे? आणि चौथे, आज कोणती गोष्ट बरी घडली? मला वाटे, शाळेत कधी लिहिले नाही ते आता लिहितो आहे. लिहू दे बापडा.

या वहीमागे एक इतिहास आहे. 1935 साली अमेरिकेत ओहायो राज्यातल्या अ‍ॅक्रन गावी बिल विल्सन नावाचा शेअरबाजारातला एक दलाल कामासाठी आला होता. दारू सोडून त्याला काही महिने झाले होते. व्यवहार फिसकटला, आणि आता आपण पुन्हा पिणार, असे त्याला भय वाटू लागले. तेव्हा त्याने गावातला दुसरा एक दारुडा शोधून काढला. तो होता शस्त्रक्रिया करणारा डॉक्टर, बॉब स्मिथ. एकाने दुसऱ्याला उपदेश केला नाही. आपली खरी हकीकत सांगितली. त्यातून अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस ही चळवळ उभी राहिली. 1939 साली त्यांनी आपल्या अनुभवाच्या बारा पायऱ्या पुस्तकात छापल्या. दहावी पायरी अशी की, स्वतःची झडती रोज घेत राहावी आणि चूक दिसताच ती कबूल करून टाकावी. आपल्या महाराष्ट्रात डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी पु. ल. देशपांडे यांच्या साहाय्याने 1986 साली पुण्यात 'मुक्तांगण' सुरू केले. 'मुक्तांगणची गोष्ट' हे अनिल अवचटांचे पुस्तक वाचनालयातून मागून अवश्य वाचावे. व्यसनी माणसाला चोर न समजता आजारी समजायचे आणि तरीही खोटे चालू द्यायचे नाही, या दोन गोष्टी एकत्र नांदू शकतात, हे त्यातून कळते.

आता माझ्या घरची गोष्ट. सूनबाईंना सहावा महिना लागला होता. त्यांना मळमळे, हिरड्या ठणकत. मीच डबी पुढे केली. "लाव चिमूटभर, बरे वाटेल," म्हणाले. पुढे तपासणीला गेलो तेव्हा डॉक्टरीणबाईंनी सूनबाईंना विचारले, "तंबाखू, मिसरी काही लावता का?" सूनबाईंनी तोंड उघडायच्या आत मी उत्तर दिले, "छे हो, आमच्या घरात तसले काही नाही." डबी त्या वेळी माझ्या कमरेला होती. नात जन्मली ती एक किलो नऊशे ग्रामची. पुढचे बरेच दिवस तिला छातीशी बांधून ऊब देत आम्ही काढले. वजन कमी भरायला कारणे अनेक असतात, हे मला डॉक्टरीणबाईंनी समजावले. म्हणून मिसरीनेच तसे झाले असे मी म्हणत नाही. पण विचारले तेव्हा मी काय उत्तर दिले, ते मला माहीत होते.

तरीही मी गप्प राहिले. मग एके दिवशी मुलगा उशिरा घरी आला. गाडी पंक्चर झाली म्हणाला. रात्री वही लिहून झाल्यावर माझ्यापाशी येऊन बसला आणि म्हणाला, "आई, गाडी पंक्चर झाली नव्हती. दुकानासमोर पाच मिनिटे उभा होतो. आत गेलो नाही." मी म्हटले, "अरे, प्यायला नाहीस ना? मग सांगायचे कशाला?" तो म्हणाला, "आई, आधी पंक्चर होते, मग बाटली येते."

त्या रात्री मला झोप आली नाही. माझ्या मुलाला पाच मिनिटांचे खोटे पचले नव्हते आणि मी एवढे मोठे पचवून बसले होते.

सकाळी चुलीपाशी मी सूनबाईंना म्हटले, "त्या दिवशी दवाखान्यात मी खोटे बोलले. तुझ्या तोंडचे उत्तर हिसकावून घेतले." त्या खाली मान घालून बसल्या. थोड्या वेळाने म्हणाल्या, "आत्याबाई, मी खरे सांगणार होते. पण तुम्हीच 'नाही' म्हणालात, मग मी 'हो' कसे म्हणू?"

भगिनींनो, एवढे एक वाक्य लक्षात ठेवावे म्हणून मी आज उभी आहे. घरातल्या मोठीने एक खोटे बोलले की धाकट्यांची तोंडे आपोआप बंद होतात. व्यसन वाढते ते अशा बंद तोंडांच्या घरात.

आम्ही दोघींनी त्याच दिवशी डबी उकिरड्यावर रिकामी केली. मीही वही आणली. माझे शिक्षण चौथीपर्यंतचे. अक्षर वेडेवाकडे, पण चार ओळी येतात. पहिला आठवडा फार कठीण गेला. डोके दुखे, पोट गच्च राही, भांड्यांवर राग निघे. तलफ आली की पाणी पिऊन, लवंग दाताखाली धरून पाच-दहा मिनिटे निभावून न्यावी. ती लाटेसारखी येते आणि ओसरते. तीन-चार आठवड्यांत शरीर पुष्कळ निवळते. मन मात्र निवळत नाही. चाळिसाव्या दिवशी येरमाळ्याला येडेश्वरीच्या यात्रेला गेले. गाडीत बायकांनी डबी फिरवली. मी बोट पुढे केले.

घरी आल्यावर मी तीन दिवस वही उघडली नाही. डोळे दुखतात, दिवा मंद आहे, अशी कारणे मनाला दिली. चौथ्या दिवशी ती कोरी पाने पाहिली आणि कळले की, तीच खरी नोंद आहे. बोट डबीत गेले ही चूक लहान होती. पाने कोरी ठेवली ही मोठी. त्या रात्री लिहिले आणि सूनबाईंना वाचून दाखवले. त्या रागावल्या नाहीत. "उद्यापासून पुन्हा पहिला दिवस मोजू," म्हणाल्या. त्यानंतर आजवर डबी हाती धरली नाही. पण हे मी बढाई म्हणून सांगत नाही. आजचा दिवस अजून संपायचा आहे.

हे सगळे आपल्याला परके वाटू नये. आपल्या जिल्ह्यातले तेर हे गोरोबाकाकांचे गाव. सर्व संत जमले असता मुक्ताबाईंनी गोरोबांना सांगितले की, तुमचे थापटणे घ्या आणि यांतली कोणती मडकी पक्की व कोणती कच्ची ते पाहा, ही कथा आपण कीर्तनात लहानपणापासून ऐकली आहे. बाकीचे संत मुकाट्याने डोके पुढे करून बसले. नामदेवांना मात्र थापटणे लागताच राग आला, आणि 'हे मडके कच्चे' असा निवाडा झाला. आपण एवढ्यावर हसतो आणि कथा सोडून देतो. पुढचे महत्त्वाचे आहे. नामदेव रुसले, दुखावले. पण शेवटी तो निवाडा मानून औंढा नागनाथला विसोबा खेचरांकडे शिकायला गेले. कच्चे असणे ही त्यांची नामुष्की ठरली नाही. कच्चे आहे हे मानले, म्हणून ते पक्के झाले.

"तुमच्या डबीत काय आहे?" असे कोणी विचारले की आपल्याला जो राग येतो, तोच तो थापटण्याचा आवाज. वहीची गोष्ट एवढीच की, दुसऱ्याने डोक्यावर मारण्याची वाट न पाहता रोज संध्याकाळी आपले मडके आपण वाजवून पाहावे. ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी देवापुढे दिवा लावताना मनाशी उजळणी करावी, आणि चुकले असेल ते एका विश्वासाच्या माणसाला त्याच दिवशी सांगावे. सांगितल्यावाचून झडती पुरी होत नाही. मनातल्या मनात आपण स्वतःला फार लवकर माफ करतो.

मात्र दोन-तीन सावधगिरीच्या गोष्टी. कुंभार बाहेरून थापटतो तेव्हा आतून दुसऱ्या हाताचा आधार देतो, नाहीतर ओले मडके फुटेल. म्हणून वहीत स्वतःला शिव्या लिहू नयेत. चौथी ओळ, बरे काय घडले ती, कधी गाळू नये. दुसरे, आपली वही आपण लिहावी, नवऱ्याची किंवा मुलाची लिहू नये. तोंडाचा वास घेत, खिसे चाचपत मी किती वर्षे काढली! त्याने मुलगा सुधारला नाही, लपवण्यात हुशार झाला. याचा अर्थ मारझोड सोसावी असा मुळीच नाही. तिथे मदत मागायलाच हवी. तिसरे, रोज भरपूर पिणाऱ्याने दारू एकदम घरच्या घरी तोडू नये. हात कापतात, झटके येतात, प्राणावर बेतू शकते. तिथे डॉक्टरच पाहिजे, वही त्यानंतर. तंबाखू सोडण्यासाठी सरकारची 1800-11-2356 ही बिनपैशाची दूरध्वनी सेवा आहे. तिचा उपयोग करावा, त्यात कमीपणा नाही.

शेवटी एक विनंती. आपल्या दर महिन्याच्या सभेत भजनानंतर दहा मिनिटे राखून ठेवावीत. जिला वाटेल तिने एक खरे वाक्य बोलावे. कोणी प्रश्न विचारू नये, सल्ला देऊ नये, आणि ते वाक्य या खोलीबाहेर जाऊ नये. दारूच्या दुकानासमोर आपण पुन्हा उभ्या राहूच. पण त्या आधी आपापल्या पिशव्या रिकाम्या करून जाऊ.

नात आता चार वर्षांची आहे. परवा ती माझे बोट धरून म्हणाली, "आजी, तुझे बोट काळे नाही. पलीकडच्या आजीचे काळे आहे." त्या पलीकडच्या आजी आज इथे बसल्या आहेत आणि हसत आहेत. त्यांना मी एवढेच सांगते, बाई, उद्या संध्याकाळी माझ्याकडे या. वही मी आणून ठेवली आहे.