दोन लेकरांची गाडी

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



वर्धापनदिनाच्या निमित्ताने मी बालसंगोपनावर चार शब्द बोलावेत, अशी चिटणीसबाईंची इच्छा. बालसंगोपन हा विषय फार मोठा. त्यातील एक लहानसा, परंतु रोजच्या गरजेचा भाग मी आज घेतला आहे. तो म्हणजे दोन लहान मुलांना एकाच वेळी बसविता येईल अशी आटोपशीर बाबागाडी. हा काय भाषणाचा विषय झाला, असे काही जणींच्या मनात येईल. तथापि जिच्या पदराला आठ महिन्यांची मुलगी आणि अडीच वर्षांचा मुलगा आहे, तिला विचारा. ती हा विषय क्षुल्लक म्हणणार नाही.

पूर्वी आपल्या घरांत एका मुलाला चार कडेवर होत्या. आजी, आत्या, काकू, शेजारची ताई, कोणीही उचलून घेई. घरात पाळणा आणि शेतात झाडाला बांधलेली झोळी, एवढ्यावर मुले वाढली. आता पुसदची, वणीची, उमरखेडची मुलगी लग्न होऊन यवतमाळात येते, दोन खोल्यांत बिऱ्हाड करते. नवरा सकाळी कामावर जातो तो दिवेलागणीला परततो. मधल्या वेळात लस टोचण्यास जावयाचे, बँकेत जावयाचे, भाजी आणावयाची, ती कोणाच्या आधाराने?

माझ्या सुनेची हीच अवस्था होती. ती मला म्हणाली, “आत्याबाई, थोरल्याला चालवावे तर तो भर रस्त्यात बसून घेतो. धाकटीला कडेवर घेतले तर पिशवी कोण धरणार? चार महिने झाले, मी एकटी अशी घराबाहेर पडलेच नाही.” हे ऐकून आमच्या शेजारच्या आजीबाई म्हणाल्या, “आमच्या वक्ताले आमी दोन-दोन लेकरं घेऊन वावरात जात होतो, तवा कोनं गाडी देल्ली होती वं?” आजीबाईंचे म्हणणे खरे आहे. परंतु त्यांच्याबरोबर वाटेने चालणाऱ्या आणखी दोघी-तिघी असत, हेही तितकेच खरे. शिवाय त्या दोन लेकरांचा भार त्यांच्या कमरेने वाहिला, तो अजून रात्री दुखतो, हेही त्या स्वतःच सांगतात.

औषधाची बाटली आणावयासही जिला दुसऱ्याच्या सवडीची वाट पाहावी लागते, तिला ही गाडी म्हणजे चैन नव्हे. मुले रडतात ती थांबतात, परंतु घरात कोंडलेल्या आईचे मन हळूहळू कोमेजते, आणि ते कोणाला दिसतही नाही. म्हणून माझे पहिले सांगणे हे, की गाडी जी ढकलणार आहे आणि पायऱ्यांवरून जी उचलणार आहे, तिनेच ती निवडावी. पैसे कोणीही देवो, पसंती तिची असावी.

आता थोडा इतिहास सांगते, कारण त्यातच निवडीचे सूत्र आहे. इंग्लंडात १७३३ साली विल्यम केंट या कलावंताने एका ड्यूकच्या मुलांसाठी शिंपल्याच्या आकाराची गाडी केली. ती लहान घोड्याने किंवा शेळीने ओढावयाची होती. ती शोभेची वस्तू होती. पुढे माणसाने ढकलावयाच्या गाड्या आल्या, त्याही अवजड. १९६५ साली ओवेन मॅक्लारेन या विमान-अभियंत्याने अॅल्युमिनियमच्या नळ्यांची, छत्रीसारखी मिटणारी गाडी तयार केली. स्पिटफायर विमानाच्या चाकांच्या सांगाड्यावर त्याने पूर्वी काम केले होते. चाके दुमडून पोटात घ्यावयाची विद्या त्याने नातवंडांच्या गाडीला लावली. त्या गाडीचे वजन तीन किलोहूनही कमी होते. आईचा एक हात मोकळा राहिला पाहिजे, ही त्यातील खरी गोष्ट. दोन मुलांची गाडी पाहतानाही हीच कसोटी ठेवावी.

दोन मुलांच्या गाड्या मुख्यतः दोन प्रकारच्या असतात. पहिलीत मुले शेजारी शेजारी बसतात, दुसरीत एकामागे एक.

शेजारी बसण्याच्या गाडीत दोघांनाही समोरचे सारखे दिसते, भांडण कमी होते, गाडी वळविण्यास सोपी जाते आणि मिटली म्हणजे पातळ होते. जुळ्यांना ती विशेष सोयीची. तिचा दोष म्हणजे रुंदी. बहुतेक गाड्या तीस इंचांच्या आसपास भरतात. ज्यांनी आपली शकुंतला पाहिली आहे, त्यांना हे माप लगेच कळेल. मूर्तिजापूर-यवतमाळ मार्गावर धावणाऱ्या त्या आगगाडीच्या दोन रुळांत अडीच फूट, म्हणजे तीसच इंच अंतर होते. तेवढी रुंद गाडी आपल्याला बिऱ्हाडाच्या दारातून न्यावयाची आहे! अमेरिकेतील डिस्नेच्या करमणूक उद्यानांतसुद्धा २०१९ पासून ३१ इंचांहून रुंद बाबागाडी आत नेता येत नाही. तेथील प्रशस्त रस्त्यांवर ही मर्यादा, तर आपल्या बोळांत किती जपले पाहिजे!

एकामागे एक बसण्याची गाडी एका मुलाच्या गाडीइतकीच रुंद असते. ती अरुंद दारातून, दुकानातून, दवाखान्याच्या ओट्यावरून सहज जाते. परंतु ती लांब असते, वळताना जागा घेते आणि पायरी चढविताना जड लागते. मागच्या मुलाला पुढच्याची पाठच दिसते. मग तो पुढच्याचे केस ओढतो. पुष्कळ गाड्यांत मागची बैठक लहान असते आणि पुरती आडवी होत नाही.

यांतील चांगली कोणती, हे दुकानदाराला विचारू नका, आपल्या घराला विचारा. दुकानात जाण्यापूर्वी मापपट्टी घेऊन चौकटीच्या आतली मोकळी जागा मोजा. दार तीन फुटांचे म्हणतात, पण चौकट, बिजागरी आणि पुरते न उघडणारी फळी यांत दोन-चार इंच जातात. जिन्याचे वळण मोजा, लिफ्ट असेल तर तिचे दार मोजा, आणि मिटलेली गाडी रात्री कोठे उभी करणार ती जागाही मोजा. ही मापे कागदावर लिहून बरोबर न्या.

दुसरी गोष्ट वजनाची. एक वर्षाची मुलगी साधारण नऊ किलोची असते, तीन वर्षांचा मुलगा चौदा किलोचा. गाडी स्वतः अकरा-बारा किलोची धरली, तर एकूण पस्तीस किलोचा भार झाला. सपाट फरशीवर तो जाणवत नाही, चढावर जाणवतो. प्रत्येक बैठकीवर किती वजन चालते ते गाडीवरील चिठ्ठीत लिहिलेले असते. पुष्कळ गाड्यांत ते पंधरा किलोपर्यंत असते. थोरला आताच चौदा किलोचा असेल, तर ती गाडी किती दिवस पुरेल याचा हिशेब करावा.

तिसरी गोष्ट चाकांची. दुकानातल्या गुळगुळीत फरशीवर प्रत्येक गाडी लोण्यासारखी चालते. आपले रस्ते तसे नाहीत. फार लहान चाके खड्ड्यात अडकतात, आणि गाडी अडकली की मुले पुढे झुकतात. चाके जरा मोठी असावीत, पुढची चाके फिरणारी असावीत, पण खडबडीत वाटेवर ती सरळ अडकवून ठेवण्याची सोय असावी. पावसाळ्यात आपली काळी माती चाकांना कशी चिकटते ते मी शेतकऱ्यांच्या लेकीसुनांना काय सांगावे! चाक सहज काढून धुता येते की नाही, ते पाहून घ्यावे.

चौथी गोष्ट मिटविण्याची. १७ मार्च २०२३ पासून एस.टी.त आम्हा बायकांना अर्धे तिकीट झाले, त्यामुळे माहेरी जाणे-येणे वाढले. आता दारव्ह्याची गाडी फलाटाला लागली आहे, धाकटी कडेवर आहे, थोरल्याचे बोट एका हातात आहे, असे चित्र डोळ्यांसमोर आणा. एस.टी.ची पायरी उंच, मागे रेटारेटी. अशा वेळी दोन हातांनी, पाय लावून, कळ शोधीत मिटवावी लागणारी गाडी काय कामाची? म्हणून दुकानात एक परीक्षा घ्यावी. घरची एखादी भरलेली कळशी कमरेवर घ्यावी आणि दुसऱ्या हाताने गाडी मिटवून पाहावी. दुकानदार हसेल, हसू द्यावे. तसेच तांदळाच्या दहा-दहा किलोच्या दोन पिशव्या दोन्ही बैठकांवर ठेवून गाडी चालवावी, वळवावी, एक पायरी चढवावी. रिकामी गाडी कधी खरे सांगत नाही.

आता सुरक्षिततेविषयी. अमेरिकेत १९९० ते २०१० या काळात बाबागाड्या आणि मुले वाहून नेण्याची तत्सम साधने यांमुळे जखमी होऊन सुमारे ३ लाख ६१ हजार लहान मुलांना तातडीच्या उपचारासाठी रुग्णालयात आणावे लागले, असा अंदाज एका पाहणीत निघाला. त्यांतील बहुतेक मुले गाडीतून पडलेली होती, आणि काही गाडी उलटल्यामुळे इजा झालेली होती. यावर उपाय साधे आहेत. दोन्ही बैठकांना खांदे, कंबर आणि मांड्यांमधून येणारा पाच टोकांचा पट्टा असावा आणि तो दर वेळी बांधावा. “एवढ्यातल्या एवढ्यात जावयाचे आहे” असे म्हणू नये. थांबलो की पायाने ब्रेक लावावा. भाजीची पिशवी दांडीला अडकवू नये. थोरला खाली उतरताच गाडी मागे उलटते. सामान खालच्या जाळीत ठेवावे. गाडी उघडताना-मिटताना मुलांची बोटे दूर ठेवावीत. आणि जे मूल अजून स्वतःच्या बळावर बसत नाही, म्हणजे साधारण सहा महिन्यांच्या आतील, त्याच्यासाठी बैठक पुरती आडवी होणारी असावी. युरोपातील बाबागाड्यांच्या मानकाचा क्रमांक ई.एन. १८८८ असा आहे. गाडीवर तो छापलेला असल्यास चांगली खूण समजावी.

आपल्याकडील उन्हाळ्यासाठी एक गोष्ट मुद्दाम सांगते. मे महिन्यात पारा ४२-४३ च्या पुढे जातो, आणि ऊन लागू नये म्हणून आया गाडीवर दुपटे टाकतात. हेतू चांगला, परिणाम वाईट. स्वीडनमध्ये २०१४ साली एका वर्तमानपत्राने प्रयोग केला. उघड्या गाडीत २२ अंश उष्णता होती. पातळ कापड टाकल्यावर अर्ध्या तासात ती ३४ अंश आणि तासाभरात ३७ अंश झाली. हवा खेळत नाही, म्हणून आत भट्टी होते. पुढे २०२३ मध्ये सिडनी विद्यापीठातील संशोधकांना असे आढळले, की कोरड्या मलमलीने गाडीतील उष्णता वाढते, पण ओल्या मलमलीने ती बाहेरच्यापेक्षा चार अंशांहून अधिक उतरते. आपल्याला यात नवल वाटावयास नको. वाळ्याच्या ताट्यांवर पाणी मारणारी माणसे आपण! परंतु कापड वाळले की पुन्हा ओले केले पाहिजे, वारा जाण्यास फट ठेवली पाहिजे आणि मुलाच्या मानेला वरचेवर हात लावून पाहिले पाहिजे. सर्वांत उत्तम म्हणजे भर दुपारी मुलांना बाहेर नेऊच नये.

गाडी सर्वत्र जाते असेही नाही. कळंबच्या चिंतामणीच्या दर्शनाला पायऱ्या उतरून खाली जावे लागते. तेथे गाडी वरच ठेवावी लागेल. नवरात्रात यवतमाळच्या दुर्गोत्सवाला जी गर्दी लोटते, तीत दोन मुलांची गाडी घालणे धोक्याचे. तेथे मुले मोठ्यांच्या कडेवरच बरी.

प्रत्येकीला दोन बैठकांची गाडी लागतेच, असेही मी म्हणत नाही. थोरले मूल तीन वर्षांचे होऊन नीट चालू लागले असेल, तर एकाची हलकी गाडी पुरे. त्या गाडीला मागे जोडावयाची एक फळी मिळते, तिच्यावर थोरले उभे राहते. किंवा मान सावरू लागलेली धाकटी अंगाशी झोळीत बांधावी आणि थोरला गाडीत. जुळी असतील, किंवा दोघांत दीड-दोन वर्षांचेच अंतर असेल, तरच जोडगाडीचा विचार करावा. आमच्या घरी शेवटी एकामागे एक बसण्याचीच गाडी आली, कारण आमच्या दाराच्या चौकटीतून रुंद गाडी जाणारी नव्हती. तीन दुकाने फिरून सुनेनेच ती पसंत केली. मी फक्त कळशी धरली.

शेवटी एक सूचना मांडते. चांगली जोडगाडी स्वस्त नसते आणि एका घराला ती फार तर दोन वर्षे लागते. पुढे ती माळ्यावर धूळ खाते. आपण लग्नकार्याची मोठी पातेली, परातीही प्रत्येक घरी विकत घेत नाही, एकमेकींकडून आणतो. त्याच रीतीने मंडळाने दोन गाड्या घ्याव्यात, एक रुंद आणि एक लांब. वहीत नाव लिहून, थोडी अनामत घेऊन, गरजू आईला त्या काही महिने वापरावयास द्याव्यात. परत आल्यावर कापड धुवावे, पट्टे आणि ब्रेक तपासावेत, मगच दुसरीकडे पाठवाव्यात. ज्यांच्या घरी वापरात नसलेली चांगली गाडी असेल, त्यांनी ती मंडळाला द्यावी. आमची गाडी येत्या दिवाळीनंतर रिकामी होईल, ती मी देते.

कापूस वेचणाऱ्या आईचा प्रश्न या गाडीने सुटणार नाही, याची मला जाणीव आहे. काळ्या रानात चाके चालत नाहीत. तिला पाळणाघर हवे. त्याचाही विचार मंडळाने कधीतरी करावा. परंतु एका कामासाठी दुसरे थांबवू नये. जी भगिनी आज दोन लेकरे घेऊन खिडकीशी उभी आहे, तिला निदान दवाखान्यापर्यंत आणि बाजारापर्यंत आपल्या पायांनी जाता यावे, एवढे आपल्या हातचे आहे.