ई.सी.जी. : अचूक आलेखाची जबाबदारी
(संस्थेच्या वार्षिक सभेतील भाषण)



आम्ही वाणिज्य शाखेचे. हृदयविकाराचे निदान हा आमचा प्रांत नव्हे. परंतु जमेची रक्कम नावे पडली, तर पुढची बेरीज कितीही काळजीपूर्वक केली तरी ताळेबंद खोटा ठरतो, हे आम्ही जाणतो. ई.सी.जी.चेही तसेच आहे. यंत्र निर्दोष असले, तरी इलेक्ट्रोडची जागा चुकताच आलेख भलतेच सांगू लागतो.

आपल्याकडील प्रचलित रंगसंकेतानुसार उजव्या हाताची तार लाल व डाव्या हाताची पिवळी. यांची अदलाबदल झाली, तर पहिल्या लीडमधील लहरी उलट्या उमटतात आणि हृदय उजव्या बाजूस असल्याचा भास होतो. छातीवरील लीड मात्र नेहमीसारख्या दिसत असतील, तर संशय प्रथम तारांवर घ्यावा.

छातीवरील सहा जागांबाबत अमेरिकन व ब्रिटिश हृदयतज्ज्ञांच्या संस्थांनी १९३८ साली एकत्रितपणे संकेत ठरवला. त्यानुसार व्ही-१ व व्ही-२ या जागा उरोस्थीच्या उजव्या व डाव्या कडेला, चौथ्या व पाचव्या बरगडीमधील फटीत येतात. घाईत हे इलेक्ट्रोड वर लागले, तर पूर्वी हृदयविकाराचा झटका येऊन गेल्यासारखे चित्र दिसू शकते. धडधाकट माणसाच्या माथी आजार येतो, घरचे हवालदिल होतात, नाहक तपासण्यांचा खर्च वाढतो. उलटपक्षी, चुकीच्या जोडणीमुळे खरा झटका झाकलाही जाऊ शकतो. ते अधिक भयंकर.

उपाय साधा आहे. जागा नजरेने ठरवू नये, बोटांनी मोजावी. उरोस्थीच्या वरच्या भागातील आडवा उंचवटा दुसऱ्या बरगडीच्या पातळीवर असतो. तेथून खाली मोजत यावे.

स्त्रीरुग्णांच्या बाबतीत संकोचामुळे हे मोजणे टाळले जाण्याची शक्यता असते. येथे आम्हा व्यवस्थापनाचे कर्तव्य सुरू होते. पडदा, स्वच्छ चादर, स्त्री-कर्मचारी आणि पुरेसा वेळ यांची तरतूद केल्याशिवाय अचूकतेची अपेक्षा धरणे न्याय्य नाही.

आलेख शंकास्पद वाटल्यास तारा व जागा तपासून तो त्वरित पुन्हा काढावा. त्या जादा कागदाचा जाब कोणालाही विचारला जाणार नाही. रुग्णाच्या हितासाठी केलेला तो रास्त खर्चच आम्ही मानू.