आकडे कोणत्या पक्षाचे?



एप्रिल १९८० मध्ये हवाना येथील पेरू देशाच्या वकिलातीच्या आवारात सुमारे दहा हजार क्यूबन नागरिक शिरले. त्यांना देश सोडायचा होता. पेच वाढला, तेव्हा ज्यांना जायचे असेल त्यांनी मारिएल बंदरातून खुशाल जावे, असे फिडेल कॅस्ट्रो यांनी जाहीर केले. फ्लोरिडात आधीच स्थायिक झालेली क्यूबन मंडळी मिळतील त्या होड्या घेऊन निघाली. ऑक्टोबरपर्यंत सुमारे सव्वा लाख माणसे अमेरिकेच्या किनाऱ्यावर उतरली. त्यांतील जवळजवळ निम्मी मायामीतच राहिली आणि अवघ्या काही महिन्यांत त्या शहरातील कामकऱ्यांची संख्या सुमारे सात टक्क्यांनी वाढली. आलेल्यांपैकी बहुतेकांचे शालेय शिक्षणही पुरे झालेले नव्हते.

अर्थशास्त्राला प्रयोगशाळा नसते. कॅस्ट्रो यांच्या एका घोषणेने ती अनायासे उभी राहिली. स्वस्तात राबायला तयार असलेली इतकी माणसे एकाच गावात उतरली, तर आधीपासून तेथे राबणाऱ्याची मजुरी पडते की नाही? प्रश्न साधा आहे. बाजारात कांद्याची आवक वाढली की भाव कोसळतो, हे लासलगावच्या शेतकऱ्याला कोणी शिकवावे लागत नाही. मग माणसांच्या आवकेचेही तसेच व्हायला हवे.

डेव्हिड कार्ड या अर्थतज्ज्ञाने १९९० मध्ये याचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्याने मायामीची तुलना अटलांटा, ह्यूस्टन, लॉस एंजेलिस आणि टॅम्पा-सेंट पीटर्सबर्ग या शहरांशी केली. निष्कर्ष असा निघाला की, मायामीतील अल्पकुशल कामगारांच्या वेतनावर वा बेकारीवर या लोंढ्याचा जवळजवळ काहीच परिणाम दिसत नाही. कारण माणूस म्हणजे कांदा नव्हे. तो काम मागतो तसा भाकरीही मागतो. तो घर भाड्याने घेतो, केस कापवून घेतो, त्याच्या मागणीवर चार दुकाने चालतात. मायामीत कपडे शिवण्याचे कारखाने, हॉटेले असे अल्पकुशल हात सामावून घेणारे व्यवसाय आधीपासून होते. शिवाय एरवी मायामीला आले असते असे काही लोक त्या वर्षांत तिकडे फिरकलेच नाहीत, अशीही शक्यता कार्ड यांनी मांडली होती.

पंचवीस वर्षे हा अभ्यास पाठ्यपुस्तकांत राहिला. २०१५ मध्ये हार्वर्डच्या जॉर्ज बोर्हास यांनी तीच आकडेवारी पुन्हा उघडली. बोर्हास यांचा जन्म हवानाचा. १९६२ मध्ये, वयाच्या बाराव्या वर्षी, ते निर्वासित म्हणून मायामीत आले. स्थलांतरामुळे गरीब मजुराची मजुरी घटते हे सांगणारा विद्वान स्वतः स्थलांतरित आहे, ही गोष्ट दोन्ही बाजूंना अडचणीची वाटते. त्यांचा मुद्दा असा की, कार्ड यांनी फार मोठा गट पाहिला. आलेले लोक शाळा अर्धवट सोडलेले होते, तेव्हा स्पर्धाही शाळा अर्धवट सोडलेल्यांशीच झाली असणार. हिस्पॅनिक नसलेल्या, ऐन उमेदीच्या वयातील अशा पुरुषांचे वेतन त्यांनी मोजले, तर ते १० ते ३० टक्क्यांनी घसरलेले निघाले.

पुढे जोव्हानी पेरी आणि वासिल यासेनोव्ह यांनी अन्य शहरांशी वेगळ्या पद्धतीने तुलना केली. त्यांना घसरण सापडली नाही. मग मायकेल क्लेमेन्स आणि जेनिफर हंट यांनी एक बारकावा पुढे आणला. १९८० च्या सुमारास सरकारी पाहणीत कृष्णवर्णीय पुरुषांची नोंद अधिक होऊ लागली होती. त्यांचे वेतन मुळातच कमी होते, त्यामुळे सरासरी खाली आली. म्हणजे वेतन घटले, की मोजलेली माणसे बदलली? त्यातच मे १९८० मध्ये मायामीच्या लिबर्टी सिटी भागात भीषण दंगल झाली, अठरा माणसे मेली. त्या वर्षीच्या मायामीच्या अर्थकारणातून केवळ होड्यांचा परिणाम वेगळा काढणे किती कठीण असेल, याची कल्पना यावरून यावी.

आणखी एक गोष्ट येथे ध्यानात घेतली पाहिजे. बोर्हास यांनी निवडलेल्या त्या नेमक्या गटात, पाहणीच्या एका मालिकेत, वर्षाला साधारण वीसएक पुरुषच होते. मायामीतील वीस पुरुषांनी पाहणी करणाऱ्याला सांगितलेली आपली मिळकत! २ ऑगस्ट २०१७ रोजी राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांचे सल्लागार स्टीफन मिलर यांनी व्हाइट हाउसमध्ये पत्रकारांसमोर या अभ्यासाचा दाखला दिला, तो कायदेशीर स्थलांतर घटवण्याच्या विधेयकाच्या समर्थनार्थ. त्या दिवसापासून बोर्हास हे एका पक्षाचे आणि कार्ड हे दुसऱ्या पक्षाचे झाले. २०२१ मध्ये कार्ड यांना नोबेल पारितोषिकाचा अर्धा वाटा मिळाला, तोही अनेकांनी आपल्या बाजूच्या विजयासारखा साजरा केला.

परंतु वेतनाविषयीचे हे मत पक्षाची खूण कधीपासून बनले? इतिहास पाहिला तर आजच्या अमेरिकन कार्यकर्त्याला चक्रावून टाकणारे चित्र दिसते. कॅलिफोर्नियातील शेतमजुरांचे नेते सीझर चावेझ हे डाव्यांचे दैवत. संपाच्या वेळी मळेवाले सीमेपलीकडून मजूर आणून संप फोडीत, म्हणून १९७४ मध्ये चावेझ यांच्या संघटनेने बेकायदा मजुरांची माहिती सरकारी यंत्रणेला कळवण्याची मोहीमच चालवली. उलट १९८४ मध्ये ‘वॉल स्ट्रीट जर्नल’ या भांडवलदारांच्या मुखपत्राने सीमा खुल्या ठेवण्याची घटनादुरुस्ती करावी असे अग्रलेखातून सुचवले. १९८६ मध्ये सुमारे सत्तावीस लाख बेकायदा रहिवाशांना कायदेशीर दर्जा देणारा कायदा झाला, त्यावर सही रिपब्लिकन रोनाल्ड रेगन यांची होती. टेक्सासमधील कृष्णवर्णीय डेमोक्रॅट नेत्या बार्बरा जॉर्डन यांच्या आयोगाने १९९५ मध्ये कायदेशीर स्थलांतरही वर्षाला साडेपाच लाखांपर्यंत खाली आणावे अशी शिफारस केली. कामगार महासंघाने २००० मध्ये आपली जुनी भूमिका फिरवली. २००६ मध्ये मेक्सिकोच्या सीमेवर शेकडो मैल कुंपण घालण्याच्या विधेयकाला सिनेटर बराक ओबामा आणि हिलरी क्लिंटन यांनी अनुकूल मत दिले होते.

त्या काळी हा प्रश्न दोन्ही पक्षांना आडवा छेदून जात असे. मालक एकीकडे, मजूर दुसरीकडे, आणि दोघेही दोन्ही पक्षांत. प्यू संशोधन केंद्राच्या पाहण्यांत हे स्पष्ट दिसते. स्थलांतरितांमुळे देश बळकट होतो, असे १९९४ मध्ये ३२ टक्के डेमोक्रॅट आणि ३० टक्के रिपब्लिकन म्हणत होते. अंतर दोन टक्क्यांचे. २०१९ मध्ये तेच प्रमाण ८३ आणि ३८ झाले. या पंचवीस वर्षांत वेतनाचे अर्थशास्त्र एवढे बदलले नव्हते. बदलली ती मत व्यक्त करणाऱ्याची ओळख.

हेन्री ताजफेल हे पोलंडमधील ज्यू. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांचे युद्धकैदी झाले, परतले तेव्हा घरचे बहुतेक कोणी उरले नव्हते. पुढे ब्रिस्टल येथे मानसशास्त्र शिकवताना त्यांनी शाळकरी मुलांवर एक प्रयोग केला. क्ले आणि कँडिन्स्की या दोन चित्रकारांपैकी कोणाची चित्रे आवडतात यावरून गट पाडले आहेत, असे मुलांना सांगितले. प्रत्यक्षात गट वाटेल तसे पाडले होते. आपल्या गटात कोण आहे हेही मुलांना ठाऊक नव्हते. मग दुसऱ्या मुलांना थोडे पैसे वाटायला सांगितले. मुलांनी आपल्या गटाला झुकते माप दिले, यात नवल नाही. नवल हे की, आपल्या गटाला थोडे कमी मिळाले तरी चालेल, पण दुसऱ्यापेक्षा अंतर राहिले पाहिजे, अशी वाटणी अनेकांनी पसंत केली.

निष्ठा हा दोष नव्हे. तिच्यावाचून कुटुंब चालत नाही, सैन्य चालत नाही, पूरग्रस्तांसाठी मध्यरात्री पोळ्या लाटणारी संघटनाही चालत नाही. वितुष्ट येते ते निष्ठेला मोजमापाचे काम दिल्यावर. जेफ्री कोहेन यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात विद्यार्थ्यांपुढे गरिबांच्या साहाय्याच्या योजना ठेवल्या. एक उदार, एक कठोर. कोणता पक्ष पाठीशी आहे हे सांगितले की मुक्तविचारी विद्यार्थी कठोर योजनेला आणि परंपरावादी विद्यार्थी उदार योजनेला मान डोलावू लागले. विचारल्यावर मात्र प्रत्येकाने सांगितले की आपण योजनेचा मजकूर पाहून ठरवले. पक्षाचा प्रभाव पडतो तो इतरांवर.

शिक्षणाने हे सुटेल अशी मध्यमवर्गाची श्रद्धा असते. येल विद्यापीठातील डॅन कहान आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये तिला धक्का दिला. त्वचेच्या मलमाविषयीचा आकड्यांचा तक्ता गणितात हुशार असलेल्यांनी बरोबर वाचला. तेच आकडे बंदूकबंदीविषयी आहेत असे सांगताच हुशार माणसांतील मतभेद कमी हुशार माणसांपेक्षा अधिक वाढले. उत्तर सोयीचे असेल तेथे त्यांनी गणित थांबवले, गैरसोयीचे दिसले तेथे पुढे चालवले. ज्याच्याजवळ बुद्धी अधिक, त्याच्याजवळ सबबीही अधिक.

याची किंमत मोजतो तो मजूर. अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीने २०१६ मध्ये जाडजूड अहवाल काढला; बोर्हास त्या समितीत होते. त्यात म्हटले आहे की, दहा वा अधिक वर्षांच्या कालावधीत एकूण वेतनावर स्थलांतराचा परिणाम अत्यल्प असतो. जेथे प्रतिकूल परिणाम आढळतो तेथे तो बहुधा आधी आलेल्या स्थलांतरितांवर आणि शाळा अर्धवट सोडलेल्या स्थानिकांवर पडतो. पहिल्या पिढीच्या मुलांच्या शाळांचा भार राज्य व स्थानिक सरकारांवर येतो. पण तीच मुले मोठी झाल्यावर सर्वाधिक कर भरणाऱ्यांत मोडतात. एकाच अहवालातून एका छावणीने भार उचलला, दुसऱ्या छावणीने कर.

एक छावणी म्हणते की नुकसान कोणाचेच होत नाही. मग डेट्रॉइटमधल्या शाळा सोडलेल्या मजुराला, किंवा कालच आलेल्या ग्वाटेमालाच्या गवंड्याला, प्रशिक्षण वा भरपाई देण्याचा विषयच उद्भवत नाही. दुसरी म्हणते की नुकसान सर्वांचे होते, तेव्हा बाहेरचे घालवले की मजुरी आपोआप वाढेल. ही समजूतही एकदा तपासली गेली आहे. १९४२ पासून चाललेली मेक्सिकन शेतमजुरांची ‘ब्रासेरो’ योजना १९६४ अखेर बंद झाली, ती स्थानिक मजुराची मजुरी वाढावी याच हेतूने. क्लेमेन्स यांनी सहकाऱ्यांसह आकडे तपासले, तर मजुरी वाढल्याचे दिसले नाही. मळेवाल्यांनी टोमॅटो तोडणारी यंत्रे आणली, आणि जी पिके यंत्राने काढता येत नव्हती त्यांची लागवड घटवली.

तडजोडीचे प्रयत्न झाले नाहीत असे नाही. २०१३ मध्ये सिनेटने ६८ विरुद्ध ३२ मतांनी व्यापक विधेयक संमत केले, चौदा रिपब्लिकन त्यात होते. प्रतिनिधिगृहात ते चर्चेलाही आले नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये दोन्ही पक्षांच्या वाटाघाटींतून सीमेचे विधेयक तयार झाले. ट्रम्प यांनी विरोध करताच ते कोसळले. जनमताचे म्हणाल तर गॅलपच्या पाहणीत स्थलांतर घटवावे म्हणणारे २०२४ मध्ये ५५ टक्के होते, ते २०२५ मध्ये ३० टक्क्यांवर आले. वर्षभरात मजुरीचा कोणताही नवा सिद्धांत सापडला नव्हता. सत्तेवरचा पक्ष मात्र बदलला होता.

मराठी घरांचा या वादाशी संबंध येतो तो एच-१बी व्हिसामुळे. वर्षाला ६५ हजार, अधिक अमेरिकेत उच्च पदवी घेतलेल्यांसाठी २० हजार. मंजुरी मिळणाऱ्यांत सत्तर टक्क्यांहून अधिक भारतीय. पुण्याच्या कोथरुडात क्वचितच एखादी इमारत अशी असेल जिच्यात या क्रमांकाचा उच्चार झालेला नाही. (त्याच इमारतीत मुंबईच्या नोकऱ्या आणि परप्रांतीय हा विषय निघाला, की पुष्कळदा मोजपट्टी बदलते.) डिसेंबर २०२४ मध्ये या व्हिसावरून ट्रम्प यांच्या समर्थकांतच जुंपली. इलॉन मस्क आणि विवेक रामस्वामी एकीकडे, स्टीव्ह बॅनन दुसरीकडे. जानेवारीत डाव्या विचारांचे सिनेटर बर्नी सँडर्स यांनी याच व्हिसावर टीका केली, आणि तिचा आशय बॅनन यांच्या आक्षेपापासून फार दूर नव्हता : मालकांना स्वस्तात राबणारे हात हवे असतात. मात्र दोघांनी एकमेकांची साथ केली असे झाले नाही.

सप्टेंबर २०२५ मध्ये ट्रम्प यांनी नव्या एच-१बी अर्जांवर एक लाख डॉलरचे शुल्क लावले. ऑक्टोबरमध्ये त्याविरुद्ध दोन वेगवेगळे दावे दाखल झाले. एकात वादींमध्ये वाहन कामगारांची संघटना होती. दुसरा दावा अमेरिकेच्या चेंबर ऑफ कॉमर्सचा, म्हणजे मालकांचा होता.