भाड्याची पावती आणि कामगाराचे छप्पर
(सीतापुरा, जयपूर येथे मराठी रेल्वे व टपाल कामगारांच्या अभ्यासवर्गात केलेले भाषण)



आम्ही मुंबईहून निघालो तेव्हा महागाई भत्ता, पेन्शन आणि खाजगीकरण या तीन विषयांवर बोलायचे ठरले होते. पण काल संध्याकाळी आपल्यापैकी काहींच्या बरोबर या सीतापुऱ्याच्या आसपासच्या वस्त्यांतून फिरलो आणि विषय बदलला. रीकोने वसवलेल्या या औद्योगिक क्षेत्रात तयार कपडे आहेत, रत्ने-दागिने आहेत, हस्तकला आहे. माल परदेशी जातो. पण तो माल बनवणारा कामगार एका खोलीत चार-पाच जण मिळून राहतो. पावती नाही, करार नाही, मालक म्हणेल तो विजेचा दर. मालकाने उद्या सकाळी खोली रिकामी कर म्हटले तर संध्याकाळी सामान रस्त्यावर. आम्हाला आमच्या आजोबांची गिरणगावातील खोली आठवली. म्हणून आज घराविषयीच बोलणार आहोत.

आपल्याला वाटेल, आम्ही सरकारी नोकर, आम्हाला क्वार्टर आहे, नाहीतर घरभाडे भत्ता आहे. या समजुतीचाही आज थोडा समाचार घेऊ.

प्लेगपासून कायद्यापर्यंत

मुंबईत १८९६ साली प्लेग आला. कोंदट चाळींतून तो पसरला तेव्हा सरकारला कामगारांच्या घरांची आठवण झाली. १८९८ साली सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. त्याने रस्ते रुंद केले, जुन्या वस्त्या पाडल्या आणि काही चाळी बांधल्या. पाडलेल्या खोल्या जास्त, बांधलेल्या कमी. उठवलेला माणूस पुढच्या गल्लीत जाऊन आणखी दाटीने राहिला. पुढे १९२० साली विकास खाते आले. वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी येथे मिळून २०७ इमारती उभ्या राहिल्या. याच बी. डी. डी. चाळी. १६० चौरस फुटांची खोली, सामायिक संडास. पन्नास हजार गाळ्यांची घोषणा होती, बांधले गेले सोळा हजारांच्या आसपास. त्यातल्याही कित्येक खोल्या सुरुवातीला रिकाम्या राहिल्या, कारण कामापासून दूर आणि भाडे परवडेना. सरकारने घर बांधले म्हणजे कामगाराला घर मिळाले असे होत नाही, हा धडा शंभर वर्षांपूर्वीचा आहे.

भाड्यावर नियंत्रण मात्र दुसऱ्या वाटेने आले. पहिल्या महायुद्धात स्कॉटलंडच्या ग्लासगो शहरात घरमालकांनी भाडी वाढवली. पुरुष आघाडीवर किंवा कारखान्यात. लढा बायकांनी उभारला. मेरी बार्बर या गृहिणीच्या पुढाकाराने हजारो कुटुंबांनी वाढीव भाडे द्यायचे नाकारले. नोव्हेंबर १९१५ मध्ये भाडेकरूंवर खटले भरले गेले तेव्हा जहाजबांधणीचे कामगार काम सोडून न्यायालयावर चालून गेले. त्याच वर्षाअखेर ब्रिटिश सरकारला भाडे रोखणारा कायदा करावा लागला. चाळीतल्या बाया आणि कारखान्यातले कामगार एकत्र आले, तेव्हाच हे घडले. मुंबईत १९१८ साली भाडे नियंत्रणाचा पहिला कायदा आला, तोही युद्धकाळचाच.

१९४७ चा कायदा आणि पोस्टाची खिडकी

स्वातंत्र्याच्या वर्षी मुंबई भाडे नियंत्रण कायदा मंजूर झाला आणि १३ फेब्रुवारी १९४८ पासून अमलात आला. १ सप्टेंबर १९४० रोजी जे भाडे होते ते प्रमाण धरले गेले. नियमित भाडे भरणाऱ्याला कायद्यात दिलेल्या कारणाशिवाय काढता येणार नाही, मालकाने भाड्याची पावती दिलीच पाहिजे, पागडी घेणे हा गुन्हा, अशी कलमे होती. हा कायदा ठराविक मुदतीचा होता. मुदत संपत आली की ती वाढवून घ्यावी लागे. भाडेकरूंचे संघ, चाळ कमिट्या आणि कामगार संघटना यांना त्यासाठी वर्षानुवर्षे जागे राहावे लागले.

टपाल बंधूंनी इथे कान द्यावा. भाडेकरूला काढायची मालकाची जुनी युक्ती अशी: भाडे घ्यायचेच नाही. सहा महिने नाकारायचे आणि मग थकबाकीचा दावा लावायचा. यावर चाळ कमिटीने शोधलेला उपाय म्हणजे मनिऑर्डर. मालकाने खोलीवर भाडे घेतले नाही तर ते पोस्टातून पाठवायचे. त्याने घेतले तर पोच आली, परत पाठवले तर पोस्टमनचा ‘घेण्यास नकार’ हा शेरा आला. दोन्ही कागद जपून ठेवायचे. लहान दिवाणी न्यायालयात त्या शेऱ्याने किती घरे वाचवली असतील! आपल्यापैकी ज्यांच्या वडिलांनी मुंबईत टपाल वाटले त्यांनी नकळत भाडेकरू चळवळीचे काम केले आहे.

आमची चूक

पण केवळ गौरव करून चालणार नाही. भाडी गोठली. दुरुस्ती करायला मालक तयार नाहीत, पावसाळ्यात इमारती कोसळू लागल्या. १९६९ साली दुरुस्ती मंडळाचा कायदा झाला, उपकर बसवला गेला. त्यात १९,६४२ उपकरप्राप्त इमारती धरल्या गेल्या. नवीन येणाऱ्याला भाड्याने खोली मिळेना. मिळाली तर पागडी देऊन, नाहीतर ‘लिव्ह अँड लायसन्स’च्या नावाखाली. १ फेब्रुवारी १९७३ रोजी ताब्यात असलेल्या लायसन्सधारकांना कायद्याने भाडेकरू मानले. लगेच मालकांनी पुढच्यांसाठी अकरा महिन्यांचा कागद पुढे केला.

इथे आमच्या चळवळीने प्रामाणिकपणे कबूल करायला हवे. ज्यांच्याकडे पावती होती त्यांचे आम्ही रक्षण केले, पण ज्याच्याकडे पावतीच नव्हती त्याला आम्ही आपला मानला नाही. गावाकडून नवा आलेला, पोटभाड्याने राहणारा, खानावळीत जेवून गाळ्यात पथारी टाकणारा, झोपडीत गेलेला कामगार भाडेकरू संघाच्या वहीत नव्हता. वाजवी भाडेवाढ आणि त्या बदल्यात सक्तीची दुरुस्ती ही मागणी आम्हीच वेळेवर मांडायला हवी होती. ती मांडली नाही. शेवटी १९९७ च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने गोठलेली भाडी अवाजवी ठरवली आणि ३१ मार्च २००० पासून नवा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा आला. त्यात वर्षाला चार टक्के वाढ आली आणि पागडीलाही कायद्याची मान्यता मिळाली. जो प्रश्न आपण सोडवत नाही तो दुसरा सोडवतो, आणि त्याच्या सोयीने सोडवतो.

गिरणीची जमीन

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. तो इतिहास आपणास ठाऊक आहे. संपानंतर प्रश्न जमिनीचा झाला. १९९१ च्या विकास नियमावलीत बंद गिरण्यांच्या जमिनीचे तीन वाटे सांगितले होते: एक महापालिकेला, एक गृहनिर्माणाला, एक मालकाला. २००१ साली नियम असा बदलला की वाटणी फक्त मोकळ्या जागेची. गिरण्यांचे आवार शेडने भरलेले, मोकळी जागा ती किती? २००६ साली सर्वोच्च न्यायालयानेही तो बदल उचलून धरला.

तरीही कामगार हटला नाही. दत्ता इस्वलकर आणि त्यांच्या सोबत्यांनी १९८९ पासून बंद गिरण्यांच्या कामगारांना एकत्र धरले होते. मोर्चे निघाले, उपोषणे झाली, विधवा झालेल्या भगिनी अर्जांच्या पिशव्या घेऊन रांगेत उभ्या राहिल्या. २८ जून २०१२ रोजी म्हाडाने गिरणी कामगारांसाठी ६,९२५ घरांची सोडत काढली. मार्च २०२० मध्ये आणखी ३,८९४ घरांची निघाली. अर्ज मात्र लाखाच्या वर. इस्वलकर २०२१ साली गेले; कामगारांची मोठी रांग अजून उभी आहे. असे असले तरी, ज्या मातीत टॉवर उभे राहिले त्याच मातीत काही हजार कामगारांना हक्काचे दार मिळाले, हे संघटनेशिवाय कदापि झाले नसते.

मृणाल गोरे आणि बाबुराव सामंत यांनी नागरी निवारा परिषदेमार्फत गोरेगावला अतिरिक्त जमिनीवर सामान्यांची हजारो घरे उभी करून दाखवली. वरळीच्या बी. डी. डी. चाळीतील पहिल्या ५५६ कुटुंबांना ऑगस्ट २०२५ मध्ये नव्या इमारतीच्या किल्ल्या मिळाल्या. १६० फुटांच्या जागी ५०० फूट.

क्वार्टरचा भरवसा

आता आपल्याकडे वळू. क्वार्टर म्हणजे घर नव्हे, ते नोकरीचे शेपूट आहे. ८ मे १९७४ रोजी रेल्वे संप सुरू झाला तेव्हा संपकऱ्यांच्या कुटुंबांना क्वार्टरमधून बाहेर काढण्यात आले. तव्यावर भाकरी असताना दारात पोलीस उभे, हे आमच्यातल्या जुन्या सोबत्यांनी पाहिले आहे. ज्याच्या हाती तुमच्या घराची किल्ली, त्याच्या हाती तुमचा संप.

संप नसला तरी निवृत्ती आहे. रेल्वेत निवृत्तीनंतर चार महिने नेहमीच्या दराने, पुढे चार महिने जादा दराने क्वार्टर ठेवता येते. त्यानंतर दंडाचे भाडे आणि निष्कासनाची नोटीस. तीस-पस्तीस वर्षे गाडी चालवणारा माणूस आठ महिन्यांत बेघर! घरभाडे भत्ता जयपूरसारख्या शहरात मूळ पगाराच्या वीस टक्के, मुंबईत तीस टक्के. त्यात मुंबईत कोणती खोली मिळते ते सांगायला नको. ग्रामीण डाकसेवकाची तर उलटी तऱ्हा. शाखा डाकघर चालवणाऱ्याने सरकारी कामासाठी जागाही स्वतःच पाहायची आणि बदल्यात तुटपुंजा भत्ता घ्यायचा. आणि फलाटावर झाडू मारणाऱ्या ठेकेदाराच्या कामगाराला क्वार्टरही नाही, भत्ताही नाही. तो अशाच सीतापुऱ्यासारख्या वस्तीत राहतो.

मार्च २०२० च्या टाळेबंदीत केंद्राने आदेश काढला की मजुरांकडून एक महिन्याचे भाडे मागू नये. आदेश चांगला होता. पण भाडे मागितले तर तक्रार कोणी करायची? ज्याच्याकडे पावती नाही तो भाडेकरू आहे हे सिद्ध कोणी करायचे? जिथे संघटना नव्हती तिथे तो कागदच राहिला, आणि माणसे रुळांवरून चालत गावी निघाली. रेल्वे कामगारांनी ते दृश्य डोळ्यांनी पाहिले. २०११ च्या जनगणनेत देशाच्या शहरांत एक कोटीहून अधिक घरे रिकामी आढळली होती. तेव्हा विटांचा तुटवडा आहे असे कोणी सांगू नये.

काय करायचे

राजस्थानात १९५० चा जुना भाडे कायदा जाऊन २००१ चा कायदा २००३ पासून लागू आहे, भाडे न्यायाधिकरणे आहेत. केंद्राने २०२१ साली नमुना भाडेकरू कायदा मंजूर केला. त्यात राहत्या घराच्या अनामतीवर दोन महिन्यांच्या भाड्याची मर्यादा सुचवली आहे. पण राज्याने स्वीकारल्याखेरीज ती कोणालाच लागू होत नाही. कायदा आपोआप खोलीपर्यंत चालत येत नाही, त्याला कोणीतरी हात धरून आणावे लागते.

म्हणून आमच्या सूचना साध्या आहेत. पहिली, प्रत्येक शाखेने आपल्या सभासदांच्या राहण्याची नोंद करावी: क्वार्टर, भाडे, स्वतःचे; आणि निवृत्तीला पाच वर्षे उरलेल्यांची वेगळी यादी. त्यांच्यासाठी सहकारी गृहनिर्माण संस्थेची खटपट निवृत्तीच्या दिवशी नव्हे, आज सुरू व्हावी. दुसरी, भाड्याने राहणाऱ्या प्रत्येकाने लेखी करार आणि पावती मागावी. पावती न मिळाल्यास भाडे बँकेतून किंवा पोस्टातून द्यावे, म्हणजे पुरावा राहतो. तिसरी आणि सर्वात महत्त्वाची, शाखेच्या कचेरीत आठवड्यातून एक संध्याकाळ भाडेकरूंसाठी ठेवावी. आणि त्या दिवशी दार ठेकेदारी कामगाराला, इथल्या शिलाई कारखान्यातल्या बहिणीलाही उघडे असावे. ती मराठी बोलते की मारवाडी, तिच्याकडे सभासदत्वाची पावती आहे की नाही, हे विचारू नये.

पावती नसलेल्याला आम्ही एकदा बाहेर ठेवले. त्याची किंमत सगळ्यांनी मोजली. सीतापुऱ्यात ती चूक पुन्हा होऊ देऊ नका, एवढीच विनंती.

कामगार एकजुटीचा विजय असो!