उतारापूर्वींची दक्षता

दुसऱ्या महायुद्धांत अमेरिकेंतील टोलेडो येथें विलीज कंपनीनें जी जीप बांधली, तिच्या चालकाच्या हाताशीं तीन दांडे असत. पहिला नेहमींचा गिअरचा, दुसरा पुढच्या चाकांना एंजिनाचा जोर जोडणारा, आणि तिसरा गाडीला मंद चालीवर आणणारा. या तिसऱ्या दांड्याच्या ठिकाणास चालक लोक 'लो' म्हणतात. तिच्याच वंशांतली जीप पुढें मुंबईंत महिंद्र कंपनीनें जुळविण्यास घेतली आणि हे तीन दांडे आपल्या घाटवाटांनाहि परिचित झाले.

'लो'चें मर्म त्रैराशिकापेक्षां अवघड नाहीं. युद्धकालीन जीपमध्यें पहिल्या गिअरांत चाक एकदां फिरावयास एंजिनाचे सुमारें १३ फेरे लागत. 'लो' घेतला कीं तेच फेरे साडेपंचवीस होत. एंजिन तेंच, ६० अश्वशक्तीचें. वेग निम्मा सोडावा आणि चाकावरचा जोर दुप्पट घ्यावा, असा हा रोखीचा व्यवहार आहे. मिनिटाला हजार फेरे चालले असतां गाडी पायीं चालणाऱ्या माणसाहून फारशी पुढें जात नाहीं.

पुढचीं चाकें जोडल्यावांचून 'लो' लागतच नसे. ही अडवणूक मुद्दाम ठेविलेली होती. दुप्पट झालेला जोर एकट्या मागच्या आंसावर पडला तर तो आंस मोडावयाचा. म्हणून क्रम असा: गाडी सपाटीवर थांबवावी, क्लच दाबावा, गिअर मोकळा करावा, प्रथम पुढचीं चाकें जोडावींत आणि मग 'लो' घ्यावा. दाते एकमेकांच्या टोकाला टेकून अडले तर बळ करूं नये; गाडी हातभर सरूं द्यावी आणि पुन्हां प्रयत्न करावा. धांवत्या गाडींत हा दांडा ओढणाऱ्याला पेटींतून जी किरकिर ऐकूं येते, ती चक्रांच्या दात्यांच्या झिजेची असते.

परंतु खरा धोका निराळाच आहे. 'हाय' आणि 'लो' यांच्या मधोमध एक रिकामी जागा असते. दांडा तेथें असतां एंजिनाचा चारहि चाकांशीं संबंध तुटतो. मग गिअर पहिला असो कीं तिसरा, त्याचा उपयोग शून्य. अर्धा उतार उतरल्यावर ज्याला 'लो'ची आठवण होते, तो चालक नेमका या जागेंत सांपडतो. गाडी क्षणोक्षणीं वेग घेते, दाते जुळेनासे होतात, मागें फिरावयास सवड उरत नाहीं आणि सारा भार ब्रेकवर येतो. ब्रेक तापले कीं त्यांची पकड ढिली होते. उलट, उताराच्या माथ्यावरच ज्यानें 'लो' घेतला, त्याची गाडी एंजिनच आंवरून धरतें. पाय ब्रेकवर क्वचितच जातो. अशा वेळीं क्लच मात्र दाबूं नये, नाहींतर तोच आधार सुटतो. उभ्या गाडीविषयींहि हेंच लक्षांत ठेवावें: दांडा मधल्या जागेंत असेल तर गिअरच्या भरंवशावर गाडी सोडून जाणें म्हणजे ती उताराच्या स्वाधीन करणें होय. हातब्रेक ओढलाच पाहिजे.

आजच्या कित्येक गाड्यांत दांड्याच्या जागीं बटण आलें आहे. तरी थांबण्याची अट बहुतेकांत कायम आहे.

कोरड्या, टणक रस्त्यावर मात्र 'लो' ठेवूं नये. वळणावर पुढच्या चाकांना मागच्यांपेक्षां अधिक अंतर कापावें लागतें, आणि जीपमध्यें तो फरक सामावून घेणारें यंत्र मधें नसल्यानें सारा ताण चक्रांत सांठतो. दांडा मग हलेनासा होतो. त्या वेळीं चिडून हिसका देण्यापेक्षां गाडी चार हात मागें घ्यावी. ताण उतरतो आणि दांडा सहज सुटतो.