पक्षी मोजले, म्हशी कोण मोजणार?

(मंडळाच्या सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



नंतर जेवण आहे, तेव्हा फार ताणत नाही. आपल्यापैकी बऱ्याच घरांतली मुलं सुट्टीच्या दिवशी दुर्बीण घेऊन पक्षी मोजतात आणि यादी 'ई-बर्ड'वर टाकतात. २००२ साली सुरू झालेला हा उपक्रम आता जगभर चालतो. मुलांचं कौतुकच आहे. पण नुसत्या पक्ष्यांच्या हिशोबावर निर्णय घेतला की काय होतं, ते भरतपूरला घडून गेलंय.

राजस्थानातलं केवलादेव घना म्हणजे जेमतेम २९ चौरस किलोमीटरची पाणथळ जागा. पूर्वी संस्थानिकांची बदकांच्या शिकारीची जागा. हिवाळ्यात उत्तरेकडून हजारो पक्षी इथे उतरतात. राष्ट्रीय उद्यान झाल्यावर १९८२ साली इथली गुराचराई बंद केली. तर्क सरळ होता. म्हशी गेल्या की पक्ष्यांचं भलं होईल. डॉ. सलीम अलींसारख्या थोर पक्षितज्ज्ञाचाही याला पाठिंबा होता. आसपासच्या गावांनी विरोध केला, पोलिसांनी गोळीबार केला, माणसं मेली.

आणि पक्षी? बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने तिथे अनेक वर्षं अभ्यास केला. निघालं ते उलटंच! म्हशी खात होत्या ते पाण्यातलं गवत मोकाट माजलं, उथळ पाणी बुजत चाललं, बदकांना नि हंसांना जागा अपुरी पडू लागली. म्हणजे त्या पाण्याची साफसफाई म्हशी फुकटात करत होत्या आणि आपण त्यांना घुसखोर ठरवलं.

पुढे १९९०च्या दशकात माधव गाडगीळ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गावोगावी लोकांकडची निसर्गाची माहिती नोंदवायला घेतली. त्यात भरतपूरजवळचं अघापूरही होतं. तिथले लोक म्हणाले, आम्ही वाळ्याची मुळं खणायचो तेव्हा जमीन भुसभुशीत राहायची, सायबेरियन क्रौंचाला कंद उकरून खाणं सोपं जायचं. आता जमीन घट्ट झालीय. हा त्यांचा अंदाज. क्रौंच कमी व्हायला वाटेतल्या शिकारीसारखी इतर कारणंही होतीच, आणि २००१-०२च्या हिवाळ्यानंतर तो भरतपूरला आलेला नाही. पण तपासून पाहावा असा हा अंदाज पक्षिगणनेच्या तक्त्यात कधीच सापडला नसता. 'वाळा कोण खणतं' असा रकानाच त्यात नसतो ना!

तो रकाना कायद्याने आला. २००२चा जैवविविधता कायदा आणि त्याखालचे नियम यांनुसार प्रत्येक स्थानिक संस्थेची एक समिती असते. तिने लोकांना विचारून नोंदवही तयार करायची. गावात कुठली झाडं, मासे, बियाणी आहेत, ती कशाला वापरतात, त्यांची जाण कोणाला आहे, सगळं एका ठिकाणी. कल्पना उत्तम. पण वर्षानुवर्षं काम रेंगाळलं. मग राष्ट्रीय हरित लवादाने ३१ जानेवारी २०२०ची मुदत घातली, त्यानंतर प्रत्येक राज्याला महिन्याला दहा लाख रुपये दंड. आणि नोंदवह्या भराभर झाल्या. आज देशात अडीच लाखांवर आहेत. आकडा मोठा आहे. पण मुदतीसाठी भरलेल्या वहीत झाडांची नावं कुठूनही उतरवता येतात. गावातल्या म्हाताऱ्या बाईपाशी बसून ऐकायला मात्र वेळ लागतो, आणि तेच आधी गळतं.

डिसेंबरात भारतात जाणारे बरेच जण आहेत. गावाकडे गेलात तर ग्रामपंचायतीत ही नोंदवही बघायला मागा. आधी माशांचं पान उघडा. नुसती नावं आहेत, की कोण कुठल्या महिन्यात कशाने पकडतं, आजीच्या वेळचे कुठले मासे आता जाळ्यात येत नाहीत, हेही आहे? नसेल तर भोई-कोळ्यांपैकी कोणाला विचारलं होतं का, ते ग्रामसेवकांना विचारा. मुलांना बरोबर न्या, फोनवर रेकॉर्डिंग त्यांना आपल्यापेक्षा चांगलं जमतं. फक्त एखाद्या वैदूने औषधी पाला दाखवला, तर त्याला विचारल्याशिवाय तो इंटरनेटवर टाकू नका. ती माहिती त्याची आहे.